एक्झॉस्टचा डायव्हर्टर अडकला तर? ट्रक-माउंट कार्पेट मशीनचं डीबगिंग

ताज्या भागाचं हे लिखित रूप. एका हातात मल्टिमीटर आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून पॉडकास्ट मागे-पुढे करणं किती वैतागाचं असतं ते मला माहितीये. म्हणून नेहमीसारखंच, जसं बोललो तसं लिहिलंय. मधले "अं... म्हणजे..." तेवढे काढून टाकलेत.

आजचा विषय एका श्रोत्यामुळे आला. इथे टेक्ससमध्ये आमच्या ओळखीचे एक दादा आहेत, मूळचे सांगलीकडचे. त्यांचा कार्पेट क्लीनिंगचा धंदा आहे. एक व्हॅन, एक मशीन, दादा आणि वहिनी. तुमच्यापैकी जे अमेरिकेत अपार्टमेंटमध्ये राहिलेत त्यांना ही व्हॅन आठवेल. घर सोडायच्या आधी, डिपॉझिट परत मिळावं म्हणून, आपण ज्याला बोलावतो तोच हा माणूस. व्हॅन दारात उभी राहते, आतून मोठा घर्रर्र आवाज येतो आणि दोन लांब पाइप दरवाजातून हॉलमध्ये येतात.

त्या व्हॅनमधला एक छोटासा लोखंडी फ्लॅप अडकला की काय काय होतं, आणि तो शोधायचा कसा, ते आज बघू. मी सॉफ्टवेअरवाला. पण बीटेकच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप सगळ्यांनाच असतं, आणि डीबगिंगची पद्धत कोडला आणि लोखंडाला सारखीच लागू पडते, असं माझं मत होत चाललंय.

आधी मशीन समजून घेऊ

या कामाला इथे लोक "स्टीम क्लीनिंग" म्हणतात, पण त्यात वाफ नसते. खूप गरम पाणी दाबाने कार्पेटमध्ये मारायचं आणि त्याच क्षणी व्हॅक्यूमने मळासकट परत ओढून घ्यायचं. व्हॅनमध्ये एक पेट्रोल इंजिन असतं. ते दोन गोष्टी फिरवतं, एक ब्लोअर, जो व्हॅक्यूम तयार करतो, आणि एक पंप, जो पाण्याला दाब देतो.

मग पाणी तापवतं कोण? बऱ्याच मशीनमध्ये वेगळा बर्नर नसतोच. इंजिनची वाया जाणारी उष्णता वापरतात. पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा धुरावाटे बाहेर जाते. कूलंटमधून आणि ब्लोअरच्या गरम हवेतूनही बरीच जाते. ही उष्णता हीट एक्स्चेंजरमध्ये पकडायची आणि पाण्याला द्यायची.

किती उष्णता लागते त्याचा हिशोब करून बघा. मिनिटाला एक अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाणी, २० अंश सेल्सिअसवरून ९५ अंशांवर न्यायचं तर जवळजवळ २० किलोवॅट लागतात. आपल्या बाथरूममधला गिझर २ किलोवॅटचा धरा. म्हणजे दहा गिझर एकाच वेळी चालू! आणि हे सगळं फुकटात, वाया जाणाऱ्या उष्णतेतून. आयडिया भारीच आहे.

पण गिझर बंद करता येतो. चालू इंजिनचा धूर कसा बंद करणार?

डायव्हर्टर म्हणजे दारं धरणं

इथे दादांनीच मला जी उपमा दिली ती कुठल्याही मॅन्युअलपेक्षा सोपी आहे. शेतात पाटाचं पाणी सोडलं की एक माणूस खोरं घेऊन उभा असतो. एका सरीत पाणी भरलं की तिचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. याला म्हणतात दारं धरणं. पाट चालूच असतो. आपण फक्त पाणी कुठे वळवायचं ते ठरवतो.

एक्झॉस्ट डायव्हर्टर हेच करतो. इंजिनचा धूर एका पाइपमधून येतो, पुढे दोन वाटा असतात. एक हीट एक्स्चेंजरकडे जाते आणि दुसरी बायपास, थेट सायलेन्सरकडे. मध्ये एक फ्लॅप असतो, एका दांड्यावर फिरणारा. पाणी थंड असलं की फ्लॅप धूर एक्स्चेंजरकडे वळवतो. पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचलं की धूर बायपासला जातो.

खोरं धरणारा माणूस म्हणजे अ‍ॅक्चुएटर. बहुतेक वेळा १२ व्होल्टची छोटी मोटर असते, जी एक दांडा पुढे-मागे ढकलते. काही मशीनमध्ये सोलेनॉइड आणि स्प्रिंग असते. आणि त्या माणसाला बांधावरून ओरडून सांगणारा मालक म्हणजे तापमानाचा कंट्रोलर, जो सेन्सर बघून हुकूम सोडतो.

आता खरी गंमत. बऱ्याच मशीनमध्ये कंट्रोलरला फक्त हुकूम सोडता येतो. फ्लॅप प्रत्यक्षात हलला का, हे त्याला कळायची सोय नसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या भाषेत सांगायचं तर एक टिक आहे, निळ्या टिका नाहीत. मेसेज गेला, पोचला की नाही देव जाणे. म्हणून पॅनेलवर "बायपास"चा दिवा लागला तरी फ्लॅप मात्र अजून हीटच्या बाजूला चिकटलेला असू शकतो. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दिव्यावर विश्वास ठेवू नका, फ्लॅपचा दांडा डोळ्यांनी बघा.

दादांच्या मशीनला काय झालं होतं

गुरुवारी संध्याकाळी दादांचा फोन आला. "अरे, मशीन मधेच बंद पडतंय. पाणी तापतंय ते तापतंयच, थांबायचं नाव नाही. दोनदा बंद पडलं आज." शनिवारी त्यांना तीन घरं होती, त्यातलं एक संध्याकाळी चाव्या परत द्यायच्या घराचं. सर्व्हिसवाल्याची वेळ पुढच्या आठवड्यातली. धंद्यातल्या एका मित्राने सल्ला दिला होता की नवीन अ‍ॅक्चुएटर मागव, आणि तो येईपर्यंत हाय-टेम्परेचर कटऑफच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाक, म्हणजे मशीन बंद पडणार नाही.

मी म्हटलं, "दादा, वायरी जोडू नका. मी उद्या ऑफिस सुटल्यावर येतो."

तो सल्ला इतका वाईट का, ते आधी सांगतो. कारण हा मोह प्रत्येकाला होतो.

पंपाच्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. ४०० पीएसआय दाबाला ते २०० अंश सेल्सिअसच्याही वर गेल्याशिवाय उकळणार नाही. म्हणजे पाइपमधलं पाणी १२० किंवा १३० अंश झालं तरी बाहेरून शांतच दिसतं. पण नोझलमधून बाहेर पडताना दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या थोड्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते. ती वाफ तुमच्या हातापाशी येते. ६० अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं, तर याची कल्पना करा. शिवाय रबरी होज, सील, पंपाच्या रिंगा यांना तापमानाची मर्यादा असते. होज फुटला तर तो कुणाच्या तरी हॉलमध्ये फुटतो. आणि कार्पेट लोकरीचं असेल तर ते आकसू शकतं, रंग सोडू शकतं. तो खर्च आपल्या खिशातून.

कटऑफने मशीन बंद पाडलं म्हणजे त्याने त्याचं काम केलं. बिघाड दुसरीकडे आहे आणि तो आपल्याला सांगतोय. एरर येतो म्हणून एरर दाखवणारी ओळच कोडमधून उडवून टाकणारा एक तरी महाभाग प्रत्येक टीममध्ये असतो. वायरी जोडणं म्हणजे तेच, फक्त इथे माणूस भाजतो.

हात लावायच्या आधी

हा भाग उडवू नका.

एक, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि सगळं पूर्ण थंड होऊ द्या. लोड असताना पेट्रोल इंजिनचा धूर ६०० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे तो पाइप थंड व्हायला वेळ लागतो. पाण्याच्या लाइनमधला दाब सोडून द्या.

दोन, फ्लॅप किंवा दांड्याजवळ बोटं जाणार असतील तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अ‍ॅक्चुएटर कधीही जागा होऊ शकतो आणि तो बोट ओळखत नाही.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्बन मोनॉक्साइड. आपण धुराच्या पाइपवर काम करतोय. जुनं गॅस्केट, तडा गेलेला एक्स्चेंजर किंवा नीट न बसलेला क्लॅम्प, यातून हा वायू व्हॅनमध्ये येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणून इंजिन चालू करून चाचणी घ्यायची तर व्हॅन उघड्यावर हवी, दारं उघडी हवीत. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तर अजिबात नाही, शटर वर असलं तरी नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म व्हॅनमध्ये कायमचा ठेवा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर "ऊन लागलं असेल" म्हणत बसू नका. मोकळ्या हवेत या, मशीन बंद करायला सांगा, आणि बरं वाटत नसेल तर ९११.

पायरी १: लक्षण वाचा

फ्लॅप तीन प्रकारे अडकतो.

हीटच्या बाजूला अडकला तर तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर जात राहतं. ट्रिगर सोडलेला असताना हे जास्त होतं, कारण पाणी वाहत नाही पण धूर येतच असतो. म्हणजे तुम्ही सोफा सरकवत असता तेव्हा आत पाणी तापत असतं. काही मशीनमध्ये जास्त गरम पाणी आपोआप वेस्ट टँकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तो सारखा उघडत असेल आणि काम न करताच टँक भरत असेल, तर ती मोठी खूण. शेवटी कटऑफ.

बायपासला अडकला तर पाणी गरम होतं, पण ठरवलेल्या आकड्याला पोचतच नाही. कूलंट आणि ब्लोअरची उष्णता मिळते, धुराची मिळत नाही.

मध्येच अडकला तर सगळ्यात गोंधळ. तापायलाही वेळ, उतरायलाही वेळ. मोठ्या वाँडला पाणी कमी गरम आणि सोफ्याच्या छोट्या टूलला नको इतकं गरम, कारण छोट्या टूलमधून पाणी कमी वाहतं.

सावध राहा, हीच लक्षणं दुसऱ्या कारणांनीही येतात. पाण्याचा फिल्टर चोंदला की प्रवाह कमी होतो आणि पाणी जास्त तापतं. एक्स्चेंजरमध्ये क्षार बसले की कमी तापतं. सेन्सर खोटं बोलत असेल तर काहीही होऊ शकतं. म्हणून लक्षणावरून लगेच पार्ट मागवायचा नाही.

पायरी २: फ्लॅप बघा, मोबाइलने

फ्लॅप पाइपच्या आत असतो, पण त्याच्या दांड्याचं टोक आणि त्यावरची लिव्हर बाहेर दिसते. मशीन थंड असताना लिव्हरवर आणि शेजारच्या बॉडीवर पेंट मार्करने एक रेघ मारा. आता लिव्हर जराही हलली तरी कळेल.

बऱ्याच मशीनमध्ये किल्ली ऑन केली की इंजिन न चालवताही कंट्रोलर जागा होतो. दादांच्या मशीनमध्ये तसं होतं. एकाने पॅनेलवरचा हीटचा स्विच चालू-बंद करायचा आणि दुसऱ्याने लिव्हर बघायची. वाकून बघायला जागा नसेल तर मोबाइल टेकवून व्हिडिओ काढा. स्लो मोशनमध्ये काढलात तर लिव्हर थोडी थरथरून परत बसते का, तेही दिसतं. हा फरक मोलाचा आहे. अजिबात हालचाल नाही म्हणजे बहुधा वीज पोचत नाही. थरथरते पण सरकत नाही म्हणजे वीज आहे, पण ताकद पुरत नाही किंवा पुढे काहीतरी जाम आहे.

दादांची लिव्हर थरथरत होती. दादा व्हिडिओ बघून म्हणाले, "म्हणजे गडी खोरं मारतोय, पण माती हलंना."

पायरी ३: साखळी मधोमध तोडा

एक हजार ओळींच्या कोडमध्ये चूक शोधताना आपण पहिल्या ओळीपासून वाचत नाही. मधोमध थांबून बघतो, इथपर्यंत सगळं बरोबर आहे का? बरोबर असेल तर पुढचा अर्धा भाग, नसेल तर मागचा.

इथे साखळी अशी आहे: सेन्सर, कंट्रोलर, रिले, वायरिंग, अ‍ॅक्चुएटर, लिव्हरची पिन, फ्लॅप. मधली जागा म्हणजे अ‍ॅक्चुएटर आणि लिव्हर यांना जोडणारी पिन. बॅटरीची वायर काढा आणि ती पिन काढा.

आता थंड मशीनवर लिव्हर हाताने हलवून बघा. दोन बोटांच्या ताकदीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली पाहिजे. मग हात बाजूला घ्या, बॅटरी जोडा, आणि मोकळा अ‍ॅक्चुएटर हीटच्या स्विचवर पुढे-मागे होतो का ते बघा. चार शक्यता निघतात.

लिव्हर मोकळी, अ‍ॅक्चुएटर ठप्प: अ‍ॅक्चुएटर किंवा त्याच्या मागची वीज.

लिव्हर जाम, अ‍ॅक्चुएटर चालतोय: फ्लॅप किंवा त्याचा दांडा.

दोन्ही ठप्प: फ्लॅप जाम झाल्यामुळे अ‍ॅक्चुएटर ढकलून ढकलून जळाला असण्याची शक्यता मोठी. नुसता अ‍ॅक्चुएटर बदललात तर नवाही जळेल.

दोन्ही सुटे सुटे चालतात, जोडल्यावर नाही: ही सगळ्यात फसवी. दादांची हीच होती. अ‍ॅक्चुएटर मोकळा असताना चालत होता, जरा सुस्त होता इतकंच. लिव्हर हाताने हलत होती, पण दोन बोटांनी नाही, मूठ लावावी लागत होती.

पायरी ४: व्होल्टेज मोजा, पण लोड देऊन

मल्टिमीटर घेऊन अ‍ॅक्चुएटरचा प्लग काढला आणि मोजलं. १२.४ व्होल्ट. बॅटरीवर १२.६. दादा म्हणाले, "वीज तर पुरेपूर आहे की रे." बरेच जण इथे थांबतात आणि अ‍ॅक्चुएटर मागवतात.

पण प्लग काढलेला असताना करंट वाहतच नाही. गंजलेल्या जोडातूनसुद्धा तेव्हा पूर्ण व्होल्टेज दिसतं. नळीला बारीक छिद्र असलं तरी नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो, तसंच. म्हणून प्लग परत लावायचा, पिनही लावायची, मीटरची टोकं प्लगच्या मागच्या बाजूने वायरीला टेकवायची, आणि अ‍ॅक्चुएटर जोर लावत असताना मोजायचं.

आकडा आला ८.

म्हणजे साडेचार व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवत होते. ते शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं रिलेच्या ग्राउंड वायरवर ठेवलं, आणि स्विच दाबला. इथे जवळपास शून्य यायला हवं. आले ४ व्होल्ट. ग्राउंडची वायर व्हॅनच्या फ्रेमला जिथे बोल्टने बसवली होती, तिथे पांढरट-हिरवा गंज होता. पाण्याचं मशीन आहे, ओल कायमचीच.

तुमच्या मोजणीत व्होल्टेज अजिबातच आलं नाही, तर मागे जा: फ्यूज, रिले, मग कंट्रोलर आणि सेन्सर. सेन्सर तपासताना इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर एक गोष्ट जपा. चकचकीत स्टीलवर तो खूप कमी आकडा दाखवतो. त्या जागी काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. टेप फक्त पाण्याच्या फिटिंगवर, धुराच्या पाइपवर नाही.

पायरी ५: जाम दांडा मोकळा करणं

दांडा जाम का होतो? एक तर काजळी. दुसरं पाणी. होय, पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गरम असताना ते वाफ होऊन निघून जातं, पण मशीन बंद केल्यावर थंड पाइपमध्ये उरलेलं आतल्या आत जमतं. दांडा गंजतो. त्यात फ्लॅप दिवसेंदिवस एकाच जागी बसून असेल तर काजळी आणि गंज मिळून त्याला चिकटवून टाकतात.

तिसरं कारण फक्त गरम असताना दिसतं. १० मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा दांडा ६०० अंशांनी तापला तर सुमारे ०.१ मिलिमीटरने जाड होतो. ऐकायला काहीच नाही, पण बुशिंगमधली फट तेवढीच उरली असेल तर थंड असताना सुटा असलेला दांडा अर्ध्या तासाने जाम. "सर्व्हिसवाल्याकडे नेलं की नीट चालतं" या तक्रारीमागे कधी कधी हेच असतं.

उपाय सावकाशीचा आहे. थंड दांड्याला दोन्ही टोकांना पेनिट्रेटिंग ऑइल लावा आणि थांबा, शक्य असेल तर रात्रभर. मग लिव्हर थोडी पुढे, थोडी मागे, परत ऑइल. हातोडा नको, लिव्हरला लांब पाइप लावून जोर नको, आणि अ‍ॅक्चुएटरला ढकलायला लावणं तर नकोच. दांडा पिळला गेला की पूर्ण डायव्हर्टर बदलावा लागतो. काजळी खरवडायची असेल तर मास्क लावून, उघड्यावर. पाइप उघडलात तर गॅस्केट नवीन घाला.

इंजिन सुरू करायच्या आधी वाहिलेलं ऑइल पुसून काढा. तापलेल्या पाइपवर ते धूर करतं, पेटूही शकतं. शेवटी दांड्याला साधं ग्रीस लावू नका. ते जळून त्याचाच कोळसा होतो आणि महिन्याभरात परत तेच. निकेल किंवा ग्रॅफाइटचं, जास्त तापमानाला टिकणारं अँटी-सीझ मिळतं, ते लावा.

दादांनी शुक्रवारी रात्री ऑइल लावून ठेवलं आणि पहिल्या घराला फोन करून सकाळची वेळ दुपारची करून घेतली. मी ग्राउंडचा बोल्ट काढून, घासून, परत घट्ट केला. शनिवारी सकाळी लिव्हर दोन बोटांनी फिरत होती. लोडवर व्होल्टेज १२ च्या जवळ. मग दारातच, उघड्यावर, अर्धा तास मशीन चालवलं. ट्रिगर सोडून ठेवला, कारण बिघाड तेव्हाच दिसत होता. तापमान ठरवलेल्या आकड्याच्या थोडं वर गेलं, लिव्हर सरकली, आकडा खाली आला. तीन वेळा बघितलं, मग गाडी काढली. तिन्ही घरं झाली, तिसरं चाव्या द्यायच्या आधी. नवीन अ‍ॅक्चुएटरची ऑर्डर दिलीच नाही.

आलेले दोन प्रश्न

"काम मध्यात आहे आणि फ्लॅप अडकला, तर?" मशीन बंद करा, थंड होऊ द्या. तुमच्या मॅन्युअलमध्ये फ्लॅप हाताने बायपासला लावायची पद्धत दिली असेल तर तशी लावा आणि कमी गरम पाण्यात काम पुरं करा. थोडा जास्त वेळ लागेल, केमिकलला थोडं जास्त थांबावं लागेल. पण हीटच्या बाजूला तारेने बांधून ठेवायचं, हे कधीच नाही. मॅन्युअलमध्ये सोय नसेल तर ग्राहकाला खरं सांगून दुसरा दिवस मागा.

"वीज गेली तर फ्लॅप कुठे थांबतो?" फार चांगला प्रश्न. स्प्रिंगवाला असेल तर बहुधा बायपासला परत येतो, म्हणजे सुरक्षित बाजूला. मोटरवाला असेल तर जिथे होता तिथेच राहतो. तुमचा कुठला आहे ते आजच बघून ठेवा. मशीन हीटवर असताना फ्यूज उडाला तर तुमच्याकडे किती वेळ आहे, हे त्यावर ठरतं.

रोजची पाच मिनिटं

दिवसाचं काम संपलं की हीटचा स्विच बंद करा आणि पाणी सोडत मशीन चार-पाच मिनिटं चालू द्या. फ्लॅपची एक फेरी होते, एक्स्चेंजरही निवतो. आठवड्यातून एकदा मशीन थंड असताना मार्करच्या रेघेकडे बघा आणि लिव्हरचा व्हिडिओ काढून ठेवा. महिन्याभराने दोन व्हिडिओ शेजारी लावले की दांडा सुस्त होतोय का ते कळतं, अडकायच्या आधीच. व्हॅनमध्ये एक फ्यूज, एक रिले, एक गॅस्केट आणि स्वस्तातला का होईना, पण मल्टिमीटर असू द्या.

दादांनी आता डॅशबोर्डवर एक कागद चिकटवलाय. त्यावर तारीख, लोडवरचं व्होल्टेज आणि लिव्हरला किती सेकंद लागतात ते लिहितात. लॉग फाइलच की ती. वहिनींचं अक्षर चांगलं म्हणून नोंद त्या करतात.

तुमच्याकडे असं कुठलं मशीन असेल, अगदी पाण्याचा पंप किंवा घंटागाडीसुद्धा, आणि ते "कधी चालतं, कधी नाही" असं करत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. सोबत एक व्हिडिओ आणि लोडवर मोजलेलं व्होल्टेज असेल तर फारच छान. पुढच्या भागात भेटू.